मूकपटांतला संसार पाहायला शिकताना

मूकपटांच्या अभ्यासाला लागणारे बहुतेक विद्यार्थी चॅप्लिन आणि कीटन यांच्यापासून सुरुवात करतात. मीही तेच केले होते. आज मात्र नवख्यांना मी आवर्जून सांगतो, की त्यांच्याही आधी ब्रुकलिनच्या व्हायटाग्राफ कंपनीने जॉन बनी आणि फ्लोरा फिंच या जोडीला घेऊन काढलेले घरगुती विनोदपट प्रथम पाहावेत. अवाढव्य देहाचा नवरा, काटकुळी बायको आणि दोघांतली कुरबुर, एवढ्याच भांडवलावर ते उभे आहेत.

१९१२ सालचा ‘अ क्युअर फॉर पोकरायटिस’ घ्या. पोकर हा पत्त्यांचा जुगार सोडल्याचे वचन बायकोला देणारा नवरा दर आठवड्याला एका मंडळाच्या सभेचे निमित्त करून पुन्हा डावावर जाऊन बसतो आणि झोपेत बरळल्यामुळे बायकोच्या मनात संशय येतो. आवाजच नसलेल्या पडद्यावर बरळणे दाखवायचे, म्हणजे सारा भार चेहऱ्यावर आणि हातांवर! हा प्रसंग मी कितीदा पाहिला असेल, पण त्याची गोडी ओसरलेली नाही.

पहिल्यांदा मात्र मला तो मुळीच भावला नव्हता, कारण माझ्याकडची प्रत सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने चालत होती. त्या काळचे चित्रीकरण साधारण १६ चौकटींच्या आसपास होत असल्याने सगळी माणसे दीडपट घाईत वावरत होती आणि नवराबायकोच्या नजरानजरेतला विनोद हरवला होता. म्हणून प्रत हाती आली की आधी वेग तपासावा, मत नंतर बनवावे.

बनी १९१५ मध्ये वारला आणि त्याच्या दीडशेहून अधिक चित्रपटांपैकी फार थोडे उरले आहेत. त्या काळी चित्रपट ज्या नायट्रेटच्या फिल्मवर निघत, ती चटकन पेट घेते, नुसती ठेवली तरी चिकट होऊन अखेर तिची भुकटी होते. त्यात बोलपट आल्यावर जुन्या प्रतींना किंमत उरली नाही आणि कित्येक प्रती त्यांतल्या चांदीसाठी गाळल्या गेल्या. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या २०१३ मधील अहवालानुसार तिथल्या सुमारे ११,००० पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी केवळ १४ टक्के मूळ स्वरूपात शिल्लक आहेत, आणि या हिशेबात असले लघुपट धरलेलेच नाहीत.

त्यामुळे हरवलेल्या चित्रपटांसाठी ‘मूव्हिंग पिक्चर वर्ल्ड’सारख्या व्यावसायिक साप्ताहिकाचे जुने अंक वाचण्याची सवय लावून घ्यावी, ते आता आंतरजालावर मोफत मिळतात. असेच घरगुती विनोदपट करणारे सिडनी ड्रू आणि त्यांची पत्नी ल्यूसिल मॅकव्हे यांच्या कामाचा माग मी असाच काढत आहे. त्या अंकांतले चार ओळींचे कथासार वाचताना, हा प्रसंग शब्दांवाचून कसा दाखवला असेल, याचा विचार मी वहीत लिहून ठेवतो.