उन्हाळी सिंचनापूर्वी प्लास्टिक बॉल व्हॉल्व्हची निवड आणि जोडणी

उन्हाळ्यात पाण्याच्या पाळ्या वाढण्यापूर्वीच सिंचन वाहिनीवरील गळके व जड झालेले बॉल व्हॉल्व्ह (आतला आरपार भोकाचा गोळा, म्हणजे बॉल, फिरवून पाणी सोडणारे वा अडवणारे) बदलून घ्यावेत. नवा व्हॉल्व्ह घेताना केवळ पाइपचा व्यास जुळतो का, एवढेच पाहून चालत नाही. पीव्हीसीची छापील दाबक्षमता साधारणतः 20 ते 27 अंश सेल्सिअस तापमानासाठी असते आणि तापमान 43 अंशांच्या आसपास गेले की ती सुमारे निम्म्यावर येते. त्यामुळे 6 किलो प्रति चौरस सेंटीमीटर क्षमतेचा, उन्हात उघडा असलेला व्हॉल्व्ह 3 किलोचाच समजावा. पाण्याचा 10 मीटर हेड (पाणी चढवण्याची उंची) म्हणजे ढोबळमानाने 1 किलो दाब होतो, हे लक्षात घेता 35 मीटर हेडच्या पंपावर असा व्हॉल्व्ह कागदोपत्री पुरेसा दिसला, तरी बंद वाहिनीतले पाणी दुपारी तापल्यावर तो अपुरा पडतो. शक्य तेथे व्हॉल्व्ह झाकणाच्या पेटीत बसवावा.

पंपाजवळ आणि फिल्टरच्या दोन्ही बाजूंना दोन्हीकडे युनियन (नट फिरवून सुटा होणारा सांधा) असलेला व्हॉल्व्ह घ्यावा, कारण तो पाइप न कापता काढता येतो. शेवटच्या उपवाहिन्यांवर साधा व्हॉल्व्ह चालतो.

बहुतेक व्हॉल्व्ह सोल्व्हंट सिमेंट (पीव्हीसी जोडण्याचा चिकट द्रव) लावतानाच बिघडतात, असे आमचे मत आहे. पाइप काटकोनात कापून कडेची कीस काढावी व दोन्ही पृष्ठभाग कोरडे करावेत. पाइपवर सिमेंट सढळ, पण व्हॉल्व्हच्या तोंडात अगदी पातळ लावावे. तेथे जास्त झाले की पाइप आत जाताना ते पुढे ढकलले जाऊन बॉलला चिकटते आणि दुसऱ्या दिवशी हँडल जागचे हलत नाही. पाव फेरा देत पाइप टेकेपर्यंत दाबावा आणि अर्धा मिनिट धरून ठेवावा. युनियनच्या व्हॉल्व्हमध्ये मधला भाग बाजूला काढून फक्त टोके चिकटवावीत, मात्र नट त्याआधी पाइपवर ओवलेला असावा (घाईत नेमका हाच राहतो). पूर्ण दाब 24 तासांनंतर द्यावा.

आट्यांच्या जोडणीत टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने दोन-तीन वेढे गुंडाळून हाताने घट्ट करावे आणि पान्याने फार तर एक-दोन फेरे द्यावेत. लोखंडी बाहेरचे आटे प्लास्टिकच्या आतील आट्यांत आवळू नयेत, कारण त्याने तोंड उभे चिरते. पाइपचा भार व्हॉल्व्हवर येऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना आधार द्यावा.

बॉल व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद ठेवण्यासाठी असतो. प्रवाह कमी करण्यासाठी तो अर्धवट उघडा ठेवल्यास वाळूमिश्रित पाण्याने त्याची बैठक (बॉल जिच्यावर टेकतो ती कडी) झिजते व पुढे तो बंद करूनही ठिबकतो. हँडल झटक्यात फिरवू नये, कारण वाहते पाणी एकाएकी अडल्याने येणारा दाबाचा धक्का सांधे उखडतो. चाचणी पाण्यानेच घ्यावी, दाबलेल्या हवेने कधीही नाही, आणि वाहिनीत दाब असताना युनियनचा नट सैल करू नये.