एसी दुरुस्तीचा छोटा कोर्स लावण्याआधी

सांगलीत माझं एसी-फ्रिज दुरुस्तीचं दुकान आहे. कोर्स करून आलेल्या पोरांना मी कामावर घेतो, म्हणून कळकळीनं सांगतो: फी भरण्याआधी एकदा वर्ग चालू असताना तिथं जाऊन या. सर्टिफिकेटचा नमुना नंतर बघा, आधी पोरांचे हात बघा. टेबलाखाली तांब्याच्या नळीचे तुकडे पडलेले दिसले तर कोर्स बरा समजायचा. सगळ्या बॅचला मिळून नळीचं तोंड फुलवायचं हत्यार, म्हणजे फ्लेअरिंग टूल, एकच आणि तेही कपाटात, असं असेल तर सरळ परत या.

स्प्लिट एसीचा गॅस बहुतेकदा सांध्यातूनच जातो. कटरनं नळी कापली की आतल्या कडेला धार राहते. ती रीमरनं काढताना नळीचं तोंड खाली धरायचं, नाहीतर कीस आत पडतो. नट आधी ओवायचा, मग तोंड फुलवायचं. कड सगळीकडून सारखी हवी, कुठं चीर नको. ऐकायला हे दोन मिनिटांचं काम, पण हात बसायला नळ्यांवर नळ्या कापाव्या लागतात. तेवढं तांबं तुमच्यावर खर्च करणारा वर्ग शोधा.

आणखी एक विचारा: व्हॅक्यूम पंप लावायला शिकवता का? जोडणीनंतर नळीत हवा आणि ओल राहते, ती पंपानं ओढून काढायची. गॅस सोडून हवा बाहेर ढकलायचा प्रकार बाजारात चालतो, पण शिकतानाच ती सवय लागू देऊ नका. आताच्या बऱ्याच एसींत आर-३२ नावाचा गॅस असतो आणि तो पेट घेऊ शकतो. जिथं अजून फक्त आर-२२ या जुन्या गॅसवरच शिकवतात, तिथलं शिक्षण जुनं झालं.

दोन वर्षांचा आयटीआयचा ट्रेड जमत असेल तर तोच करा. घरी लगेच पैसे आणायचे असतील, किंवा तुम्ही आधीच वायरमन असाल, तर छोटा कोर्स योग्य. वायरमनला मीटर वापरायची सवय असते, त्यामुळं तो इन्व्हर्टर एसीत लवकर तयार होतो. गावाकडच्या मुलामुलींनी आधी जिल्ह्याच्या आरसेटीत, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, चौकशी करावी. ही संस्था बँका चालवतात. प्रशिक्षण, राहणं, जेवण सगळं मोफत असतं. एसीची बॅच कधी आहे ते तिथंच विचारा.

बॅच शक्यतो दिवाळीनंतरची घ्या. फेब्रुवारी सरता सरता सर्व्हिसिंगची कामं सुरू होतात आणि मार्च-एप्रिलला आम्हाला माणूस पुरत नाही, तेव्हा नवख्यालाही हेल्पर म्हणून घेतात. पावसाळ्यात कोर्स संपला तर पुढच्या हंगामापर्यंत शिकलेलं हातातून जातं.

कामाला लागताना पगार आधी ठरवून घ्या. आणि तिसऱ्या मजल्यावर एसीचं बाहेरचं युनिट बसवायला पाठवणारा मालक सेफ्टी बेल्ट देत नसेल, तर त्याच दिवशी दुसरं दुकान बघा.