उतरलेला ताप परत चढला तर काय करायचं

आमच्या सांगली-मिरजेकडं ऊसतोडी सुरू झाल्या की थंडी पडते आणि घरटी एकजण तरी खोकत असतो. बहुतेक वेळा व्हायरलच असतं, आपोआप जातं. पण काहींना त्याच्या मागोमाग बॅक्टेरियाचा न्यूमोनिया होतो, आणि तो सगळ्यात आधी घरच्यांच्याच लक्षात येऊ शकतो.

आधी कॅलेंडर घ्या. दुधाचा हिशोब लिहिता तिथंच सकाळ-संध्याकाळचा ताप लिहा, पॅरासिटामॉल किती वाजता दिली तेही लिहा, नाहीतर गोळीनं दबलेला ताप खरंच गेला असं वाटतं.

पहिल्याच दिवशी मेडिकलमधून अँटिबायोटिक आणू नका, व्हायरसवर त्याचा काडीचा उपयोग नाही. शेजाऱ्यांकडची उरलेली पट्टी तर अजिबात नको.

खरं लक्ष चौथ्या-पाचव्या दिवसापासून ठेवायचं. माणूस उठून बसतो, जेवतो, आणि मग एकदम थंडी वाजून ताप, छातीत कळ, पिवळा किंवा गंजासारखा कफ. होतं काय की श्वासनळीत कफ वर ढकलणारी बारीक लव असते, फ्लू ती खराब करतो, मग नाकाघशात आधीच असलेले न्यूमोकोकस, स्टॅफिलोकोकस असे बॅक्टेरिया खाली फुफ्फुसात उतरतात. 1918 च्या फ्लूच्या साथीत बहुतेक माणसं अशाच न्यूमोनियानं गेली, तेव्हा अँटिबायोटिक नव्हतीच. आता आहेत, म्हणून वेळेत पोचणं महत्त्वाचं.

श्वास मोजा. पोरगं शांत असताना शर्ट वर करून पूर्ण एक मिनिट, घड्याळ समोर ठेवून. 2 महिने ते 1 वर्ष वयात 50 किंवा जास्त, 1 ते 5 वर्षांत 40 किंवा जास्त म्हणजे वेगवान, त्याच दिवशी दवाखाना. बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळे, मोठ्या माणसाचा श्वास 30 च्या वर, ऑक्सिमीटर 94 च्या खाली, किंवा आजोबा असंबद्ध बोलायला लागले तर रात्र असली तरी सरळ हॉस्पिटल गाठा.

डॉक्टरांना कॅलेंडर दाखवा, शुगर आणि चालू गोळ्या सांगा. एक्स-रे, कफाची तपासणी लागेल का विचारा, कफ शक्यतो अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी दिलेला बरा. शुगरवाल्यांनी स्टेरॉइड मनानं घेऊच नये, 2021 मध्ये कोविडनंतर म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी, त्यातूनच वाढला, एका बाजूचा चेहरा सुजला, नाकातून काळपट आलं तर थांबायचं नाही.

आणि खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर सरकारी दवाखान्यात टीबीसाठी कफ तपासून घ्या, फुकट होतं.