काढणीनंतरच्या काड्या पेटवू नका, त्यांचा कोळसा करा

पीक निघाले की रानात पऱ्हाट्या, तुरकाठ्या, मक्याची बुरकुंडे उरतात. पेरणीआधी रान मोकळे करायची घाई असते, मग काडी लावली जाते. पिकाने हंगामभर हवेतून ओढलेला कार्बन तासाभरात परत हवेत जातो. काड्या गाडल्या तरी जिवाणू काही वर्षांत त्यातला बहुतेक कार्बन खाऊन सोडून देतात. (गाडू नका असे नव्हे, सेंद्रिय कर्बासाठी ते हवेच.) तो जास्त काळ जमिनीत ठेवायचा तर काड्यांचा कोळसा, म्हणजे बायोचार करावा. अॅमेझॉन खोऱ्यातली कोळसा मिसळलेली काळी माती शेकडो वर्षांनंतरही सुपीक आहे.

उभ्या पिकापासून दूर, वारा पडलेला असताना, वर रुंद आणि तळाशी निमुळता खड्डा घ्या. काड्या कडक वाळलेल्या हव्यात. ओल्या काड्या धुमसतात, धुरातून मिथेन जातो आणि केलेल्या कामावर पाणी पडते. जाळ वरून लावा. वरच्या थरावर पांढरी राख दिसू लागली की लगेच पुढचा पातळ थर टाका. वरची ज्वाळा हवा वापरून टाकते, त्यामुळे खालचा थर जळून जात नाही, त्याचा कोळसा होतो. खड्डा भरला की भरपूर पाणी ओता. इथे हात आखडला तर सकाळी नुसती राख मिळेल.

एक टन वाळक्या काड्यांत साधारण 450 किलो कार्बन असतो. त्यातला 150 किलो जरी कोळशात राहिला, तरी हवेतला सुमारे 550 किलो कार्बन डायऑक्साइड अडकला (एक किलो कार्बनपासून सुमारे 3.67 किलो कार्बन डायऑक्साइड होतो).

ताजा कोळसा थेट शेतात टाकू नये. तो नत्र धरून बसतो आणि पीक पिवळे पडू शकते. शेणखतात किंवा कंपोस्टमध्ये मिसळून तीन-चार आठवडे मुरवा, मग पेरणीच्या ओळीत द्या. आधी माती तपासून घ्या: आम्लधर्मी, हलक्या जमिनीला याचा चांगला फायदा होतो. सामू (pH) आधीच आठच्या वर असेल तर हात आवरा, कारण कोळशाने तो आणखी चढतो.

कार्बन अडकवायला बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा, बारीक चुरा शेतात पसरण्याचाही एक मार्ग आहे. पावसाच्या पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडची खडकाशी विक्रिया होऊन बायकार्बोनेट बनते आणि कार्बन त्यात अडकून राहतो. पण दळणे आणि वाहतूक यांत इंधन जाते. खाण जवळ असेल आणि चुऱ्यातील निकेल-क्रोमियम या जड धातूंचे प्रमाण तपासलेले असेल तरच विचार करावा.

कार्बन क्रेडिटचा, म्हणजे अडकवलेल्या कार्बनच्या बदल्यात पैसे देणारा, करार पुढे आला तर मोजणी कोण करणार, तिचा खर्च कोणाचा आणि करार किती वर्षांचा, हे वाचल्याशिवाय सही करू नका.