बी. एस्सी.चा बायोलॉजी प्रोजेक्ट करताय? या चुका टाळा

फेब्रुवारी उजाडला की पुण्यातल्या कॉलेजांच्या लॅबबाहेर एक वाक्य हमखास कानावर पडतं: "मॅडम, रिझल्टच येत नाहीये." बहुतेक वेळा रिझल्ट आलेला असतो. तो कशाशी ताडून बघायचा, हे मात्र जुलैत कुणी ठरवलेलं नसतं. आता चार वर्षांच्या अभ्यासक्रमात संशोधनासह ऑनर्स घेणाऱ्यांना 12 क्रेडिटचा प्रबंध लिहायचा आहे, त्यामुळे हे घोंगडं शेवटच्या महिन्यापर्यंत भिजत ठेवणं परवडणारं नाही.

झोन आला, पण कशामुळे?

विद्यार्थ्यांचा सगळ्यात लाडका विषय म्हणजे वनस्पतीच्या अर्काने जिवाणू मरतात का ते बघणं. तुळस, कडुनिंब, अडुळसा, गुळवेल यांपैकी एक निवडायची, वाळवलेली पूड मिथेनॉलमध्ये भिजवायची, गाळून, जिवाणू पसरलेल्या आगरमधल्या वेलमध्ये (पाडलेल्या खड्ड्यात) सोडायची आणि दुसऱ्या दिवशी पट्टी लावून झोन, म्हणजे वेलभोवतीचा जिवाणू न वाढलेला गोल, मोजायचा. अडचण अशी की मिथेनॉल स्वतःच जिवाणूंची वाढ रोखू शकतं. म्हणून नुसत्या मिथेनॉलची वेल, तितक्याच मायक्रोलिटरची, त्याच प्लेटवर हवी. तिच्याभोवतीही झोन दिसला तर अर्काला श्रेय द्यायची घाई नको. मिथेनॉल पूर्ण उडवून राहिलेला अर्क डीएमएसओमध्ये (डायमिथाइल सल्फॉक्साइड या द्रावकात) विरघळवा आणि मग नुसत्या डीएमएसओचीही एक वेल ठेवा.

दुसरी बाजू लोक विसरतात ती ओळखीच्या अँटिबायोटिकची. ई. कोलाय या जिवाणूचा एटीसीसी 25922 (अमेरिकेतल्या जिवाणू-संग्रहाचा क्रमांक) हा प्रमाण स्ट्रेन म्युलर-हिंटन आगरवर लावला, तर 10 मायक्रोग्रॅम जेंटामायसिनच्या डिस्कभोवती 19 ते 26 मिलिमीटरचा झोन यायला हवा. तुमच्याकडे 14 आला तर अर्क बाजूला ठेवा आणि प्लेट तपासा. आगर 4 मिलिमीटरपेक्षा जाड ओतला गेला का? कल्चर 0.5 मॅकफारलंडपेक्षा (गढूळपणाच्या प्रमाण मापापेक्षा) गढूळ होतं का? दोन्हींमुळे झोन आक्रसतो. डिस्क जुनी असेल, फ्रिजबाहेर पडून राहिली असेल, तरी हेच होतं. हे न बघता "अर्क निष्प्रभ आहे" असं लिहिणं म्हणजे काटा न तपासता गिऱ्हाइकावर डाफरणं.

आणि झाड कोणतं? काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेल्या पुडीवर "गुळवेल" लिहिलेलं असतं, पण पूड झाल्यावर ती खरंच टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया आहे की खोडावर गाठी असलेली टिनोस्पोरा क्रिस्पा, हे नुसत्या नजरेला कळत नाही. पान-खोडासह, जमल्यास फुलासह नमुना आणा, दाबून वाळवा आणि ओळख पटवून घ्या. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यातच आहे आणि आघारकर संशोधन संस्थेतही हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) आहे. एवढं घराजवळ असताना "स्थानिक बाजारातून घेतले" हे वाक्य रिपोर्टमध्ये का यावं, हे मला कधीच कळलेलं नाही.

मुठेच्या काठावर

नदीचं पाणी हा दुसरा आवडता विषय. गट सकाळी आठला विठ्ठलवाडीला जातो, मग ओंकारेश्वर, आणि वडापाव खाऊन दुपारी दोनला संगमावर पोचतो. रिपोर्टमध्ये निष्कर्ष येतो: खालच्या बाजूला विरघळलेला ऑक्सिजन वाढतो. वाढला असेलही, पण जागेमुळे की वेळेमुळे? ऊन चढलं की पाण्यातलं शेवाळ प्रकाशसंश्लेषणातून ऑक्सिजन सोडतं. तीन जणींनी तीन जागी एकाच वेळी बाटल्या भराव्यात, नाहीतर पुढच्या फेरीला क्रम उलटा करावा. खडकवासल्यातून विसर्ग चालू असलेल्या दिवसाचा आकडा एप्रिलच्या आकड्याशेजारी ठेवायचा तर विसर्गाची नोंदही शेजारी हवी.

बाटली बुडबुडा न राहता भरा आणि ऑक्सिजन बांधून ठेवणारी मँगनीज सल्फेट व अल्कलाइन आयोडाइड ही द्रावणं तिथेच काठावर घाला. लॅबपर्यंत तसंच नेलं तर वाटेत जिवाणू ऑक्सिजन खात राहतात. तपकिरी साका म्हणजे ऑक्सिजन आहे. साका पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. तो पांढरा रंग बघून "केमिकल खराब आहे" म्हणत बाटली ओतून देऊ नका. नळाच्या पाण्याची एक बाटली सोबत करा, म्हणजे दोष केमिकलचा की नदीचा ते तिथेच कळेल. उलट 14 मिलिग्रॅम प्रति लिटर आलं तरी थांबा: 25 अंशाला समुद्रसपाटीवर संपृक्त पाण्यात सुमारे 8.3 असतो, पुण्याच्या उंचीवर त्याहून थोडा कमी. शेवाळाने हिरवंगार झालेलं पाणी दुपारी ही मर्यादा ओलांडू शकतं; पाणी तसं नसेल तर बुडबुडा किंवा टायट्रेशन संशयित.

तीन प्लेट म्हणजे तीन नमुने नव्हेत

एका बाटलीतून तीन प्लेट लावल्या की सरासरी, स्टँडर्ड डेव्हिएशन आणि टी-टेस्ट सगळं करता येतं, आणि सगळं निरर्थक ठरतं. त्यातून तुमचा हात किती स्थिर आहे एवढंच कळतं. नदीबद्दल काहीच नाही. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी 1984 साली या चुकीला स्यूडोरेप्लिकेशन (खोटी पुनरावृत्ती) म्हटलं आणि एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, आजही नेमकं इथेच बोट ठेवतात. तीन वेगवेगळ्या दिवशी भरलेल्या बाटल्या, किंवा पाच वेगळ्या झाडांची पानं, हे नमुने. किती घ्यायचे आणि कोणती टेस्ट लावायची हे आधी ठरवा. डेटा गोळा झाल्यावर स्टॅटिस्टिक्सच्या सरांकडे धावणं म्हणजे वरातीमागून घोडं.

परवानग्यांचंही तसंच. वेताळ टेकडीवर पक्षी मोजायला दुर्बीण आणि वही पुरते, पण वनखात्याच्या जागेतून काही पकडून किंवा तोडून आणायचं तर खात्याला आधी विचारा. माणसांचं रक्त, लाळ किंवा प्रश्नावली असेल तर एथिक्स कमिटीची मंजुरी पहिल्या नमुन्याआधी लागते. मागची तारीख टाकून ती मिळत नाही.

वेळापत्रक

नमुना कधी घ्यायचा हे इनक्युबेटरवरून ठरवा. बीओडी (पाण्यातले जिवाणू किती ऑक्सिजन खातात त्याचं माप) 27 अंशाला तीन दिवस ठेवायचा असेल तर गुरुवारी लावलेली बाटली रविवारी काढावी लागते आणि त्या दिवशी लॅबला कुलूप असतं. बुधवारी लावा, शनिवारी काढा. आणि गुरुवारी महापालिकेने पाणी बंद ठेवलं असेल तर डिस्टिलेशन युनिटही बंद राहणार, तेव्हा मीडिया बनवायचं डिस्टिल्ड वॉटर बुधवारीच भरून ठेवा.