दोन चिपचं जुनं ग्राफिक्स कार्ड घेताय? आधी खोलीचा उकाडा बघा
रेडिऑन आर९ २९५एक्स२ स्वस्तात मिळतंय म्हणून लगेच उचलू नका. २०१४ साली १,४९९ डॉलरला आलेलं हे कार्ड पूर्ण लोडवर एकटंच ५०० वॉटच्या घरात वीज खातं. रोज चार तास खेळलात तर महिन्याला ६० युनिट नुसत्या कार्डाचे!

खरी अडचण आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्याची. चिप ७५ अंशांच्या आसपास गेली की कार्ड स्वतःच वेग कमी करतं, आणि मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत हवाच चाळिशीपार असते. कार्ड थंड ठेवणाऱ्या पाण्याची उष्णता हवेत सोडणारा रेडिएटर तरी काय करणार? म्हणून दुपारी, एसी बंद ठेवून, अर्धा तास गेम चालवून बघा. एक चिप दुसरीपेक्षा खूपच तापली तर तिचं पाणी फिरवणारा पंप दमलाय, सौदा सोडा. मेमरी ८ जीबी लिहिलेली असते, पण प्रत्येक चिपच्या वाट्याला ४ च.