एका बटणावर आठशे ईमेल: पाठवण्याआधीची तयारी

शाळेच्या पोर्टलवर ‘सर्व पालकांना पाठवा’ असं बटण आहे आणि त्यामागचा कोड तुम्हाला लिहायचा आहे. पायथन आणि जँगो (पायथनमध्ये वेबसाइट बनवण्याचा साचा) धरून चालू. यातलं पाठवण्याचं फंक्शन पाच ओळींचं असतं. वेळ जातो तो त्याच्या आधीच्या तयारीत, आणि तो तिथेच घालवा.

सुरुवात पत्त्यांच्या यादीपासून करा. यादी बहुधा एक्सेलमधून आलेली असते. त्यात पत्त्याच्या शेवटी स्पेस असते, एकाच रकान्यात आई-वडिलांचे दोन पत्ते स्वल्पविराम किंवा अर्धविराम देऊन कोंबलेले असतात. ते आधी वेगळे करा, कडेच्या मोकळ्या जागा काढा आणि तुलनेपुरते सगळे पत्ते लहान लिपीत आणून दुबार शोधा. दोन भावंडं एकाच शाळेत असतील तर पालकाचा पत्ता दोनदा येणारच. सहलीच्या सूचनेची एक प्रत पुरते, प्रगतिपुस्तकाच्या मात्र दोन हव्यात. हा निर्णय कोड लिहिणाऱ्याने मनाने घेऊ नये, शाळेला विचारावा. पत्ता खरा आहे की नाही हे लांबलचक रेजेक्स (मजकुराची घडण तपासणारं सूत्र) लिहून कळत नाही. त्यासाठी नोंदणीच्या वेळीच खात्रीची लिंक पाठवावी लागते.

पुढची गोष्ट नीट समजून घ्या, कारण निम्म्या चुका इथेच होतात. ईमेल पाठवण्याचे नियम ठरवणारा एसएमटीपी हा १९८२ सालचा प्रोटोकॉल आहे आणि त्यात पाकीट आणि पत्र वेगवेगळं असतं. सर्व्हरशी बोलताना आधी ‘मेल फ्रॉम’, मग प्रत्येक पत्त्यासाठी एकेक ‘आरसीपीटी टू’ आणि शेवटी ‘डेटा’ म्हणून पत्राचा मजकूर जातो. ईमेल कोणाला पोचणार हे पाकिटावरून ठरतं. पत्रातली ‘टू’ ही ओळ केवळ वाचणाऱ्याला दिसण्यासाठी असते. आता पायथनच्या एसएमटीपीलिब या लायब्ररीमधलं सेंडमेल फंक्शन बघा. त्याला पत्त्यांची लिस्ट हवी असते. तिथे स्वल्पविरामांनी जोडलेली एकच स्ट्रिंग दिली तर तो अख्खा मजकूर एक पत्ता समजला जातो आणि पायथनच्या जुन्या आवृत्त्यांत त्यातला पहिलाच पत्ता पाकिटावर चढतो. तिथे एररही येत नाही. पहिल्या माणसाला मिळालेल्या पत्रात ‘टू’समोर सगळी नावं दिसतात, त्यामुळे सगळ्यांना गेलं असं वाटतं, बाकीच्यांच्या इनबॉक्समध्ये काहीच नसतं. लिस्ट द्या, किंवा सेंड_मेसेज वापरा. ते फंक्शन टू, सीसी आणि बीसीसी या तिन्ही ओळींतून पाकीट स्वतः तयार करतं आणि बीसीसीची ओळ पत्रातून गाळतं. जँगोचा ईमेलमेसेज क्लास ‘टू’मध्ये स्ट्रिंग दिसली की सरळ टाइपएरर देतो, हे फार चांगलं आहे.

मग आठशे पत्ते टाकायचे कुठे? ‘टू’ किंवा ‘सीसी’मध्ये अजिबात नाही. प्रत्येक पालकाला इतर सगळ्यांचे पत्ते दिसतील आणि कोणीतरी ‘रिप्लाय ऑल’ करेलच. बीसीसी ऑफिसातल्या दहा-बारा जणांसाठी ठीक आहे. त्यापुढे मर्यादा आडव्या येतात: एसएमटीपीच्या नियमांप्रमाणे सर्व्हरने एका पत्राला किमान १०० पत्ते स्वीकारायला हवेत, त्याहून जास्तीची हमी नाही, ॲमेझॉन एसईएस ही ईमेल पाठवण्याची सेवा एका पत्राला ५०च पत्ते घेते. शिवाय बीसीसीत नाव घालता येत नाही, आणि कोणाचं पत्र परत आलं हे शोधणंही अवघड होतं. म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र पत्र हीच पद्धत धरा. पीएचपीच्या पीएचपीमेलर या लायब्ररीमध्ये हाच लूप लिहिताना दर फेरीला क्लिअरॲड्रेसेस बोलवायला विसरलात, तर दुसऱ्या पत्रात दोन, तिसऱ्यात तीन असे पत्ते साठत जातात आणि पहिल्या पालकाला आठशे पत्रं मिळतात.

स्वतंत्र पत्रं म्हणजे स्वतंत्र कनेक्शन नव्हे. लूपमध्ये जँगोचं सेंड_मेल बोलावलं की दर वेळी नवं कनेक्शन, नवा टीएलएस (सुरक्षित जोडणी), नवं लॉगिन होतं. सेंड_मास_मेल एकाच कनेक्शनवर सगळं पाठवतं, पण मधल्या एका पत्त्याला सर्व्हरने नकार दिला की एक्सेप्शन येऊन पुढची सगळी पत्रं राहतात. त्यापेक्षा गेट_कनेक्शनने कनेक्शन स्वतः उघडा, प्रत्येक पत्र वेगळ्या ट्रायमध्ये पाठवा आणि सर्व्हरने मध्येच ४२१ देऊन कनेक्शन तोडलं तर ते पुन्हा उघडा. पोर्ट ५८७ स्टार्टटीएलएससह, किंवा ४६५ वापरा. पोर्ट २५ क्लाउडवर बहुधा बंदच असतो.

हे काम वेब रिक्वेस्टमध्ये करू नका. एका पत्राला ०.३ सेकंद धरले तरी आठशेला चार मिनिटं लागतात, आणि गनिकॉर्न हा जँगो चालवणारा सर्व्हर अडकलेल्या वर्करला (काम करणाऱ्या प्रोसेसला) साधारण ३० सेकंदांत मारतो. तोवर शंभरेक पत्रं गेलेली असतात. मुख्याध्यापकांना पडद्यावर एरर दिसते, ते पुन्हा बटण दाबतात आणि त्याच शंभर पालकांना तीच सूचना दुसऱ्यांदा जाते. इलाज असा: डेटाबेसमध्ये एक तक्ता करा, त्यात सूचना, पालक, स्थिती, वेळ आणि सर्व्हरचं उत्तर असे रकाने ठेवा, आणि सूचना व पालक या जोडीवर युनिक कन्स्ट्रेंट लावा, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा भरता येणार नाही. बटण दाबल्यावर फक्त ८०० ओळी भरायच्या. पाठवण्याचं काम सेलरीकडे (मागे कामं चालवणाऱ्या लायब्ररीकडे) द्या, दर ओळीला एक टास्क किंवा पन्नास ओळींची एक तुकडी. टास्कला ऑब्जेक्ट न देता आयडी द्या आणि तो ट्रान्झॅक्शनच्या ऑन_कमिटमधून, म्हणजे ओळी डेटाबेसमध्ये पक्क्या झाल्यावरच, द्या. नाहीतर ओळ कमिट होण्याआधीच वर्कर तिला शोधायला जातो आणि त्याला ती सापडत नाही. वर्करने आधी स्थिती ‘बाकी’वरून ‘पाठवतोय’ करावी, तीही अटीसह एकाच अपडेटमध्ये, म्हणजे दोन वर्कर एकच ओळ उचलणार नाहीत. पत्र गेलं पण नोंद होण्याआधी मशीन बंद पडलं, तर ओळ ‘पाठवतोय’वर अडकून राहते. अशा ओळी आपोआप पुन्हा पाठवायच्या की माणसाने बघायच्या, हे आधीच ठरवा: सहलीची सूचना दोनदा गेलेली चालते, फी भरल्याची पावती दोनदा गेलेली चालत नाही.

उत्तरांचे आकडे जपून ठेवा. ४ने सुरू होणारं उत्तर म्हणजे सध्या नाही, थोड्या वेळाने या. अर्ध्या तासाने पुन्हा प्रयत्न करा. ५ने सुरू होणारं म्हणजे नकार. ५५० (पेटी उपलब्ध नाही) आलेल्या पत्त्यावर पुन्हा पाठवत राहिलात तर तुमच्याच डोमेनचं नाव खराब होतं. २५० आलं म्हणजे पुढच्या सर्व्हरने पत्र ताब्यात घेतलं, इतकंच. ते नंतरही परत येऊ शकतं, आणि येतं ते ‘मेल फ्रॉम’च्या पत्त्यावर. ती पेटी कोणी उघडत नसेल तर मेलेले पत्ते यादीत तसेच राहतील.

डोमेनची कामं आठवडाभर आधी हातात घ्या. एसपीएफचा (तुमच्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात ती यादी) डीएनएसमधला टीएक्सटी रेकॉर्ड एकच असावा (दोन असले तर तपासणी फसते) आणि त्यात डीएनएसच्या १०पेक्षा जास्त चौकश्या नसाव्यात. डीकेआयएम (पत्रावरची डिजिटल सही) चालू करा, डीमार्क (या तपासण्यांत नापास पत्राचं काय करायचं हे सांगणारा नियम) आधी ‘नन’वर, म्हणजे काहीच न करण्यावर, ठेवा. फेब्रुवारी २०२४पासून जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,०००हून जास्त पत्रं पाठवणाऱ्याला हे तिन्ही सक्तीचं आहे, आणि प्रचाराच्या पत्रांना एका क्लिकमध्ये यादीतून बाहेर पडण्याची सोयही. आठशेवाल्यानेही हे सगळं करावं. ‘फ्रॉम’मध्ये शाळेचं डोमेन ठेवा आणि वर्गशिक्षिकेचा जीमेल पत्ता ‘रिप्लाय-टू’त घाला, तो ‘फ्रॉम’मध्ये घातला तर डीमार्कच्या तपासणीत पत्र नापास होतं. साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला ५००, वर्कस्पेसवरून २,००० ही मर्यादा लक्षात घ्या. एसईएसचं नवं खातं सँडबॉक्समध्ये (चाचणीपुरत्या मर्यादेत) असतं: २४ तासांत २०० पत्रं, सेकंदाला एक, तीही खात्री केलेल्या पत्त्यांनाच. बाहेर पडायचा अर्ज आधी करा.

मराठी विषयाच्या ओळीला वेगळी काळजी लागते. देवनागरीतलं एक चिन्ह यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेतं, बेस६४मध्ये (बाइट साध्या इंग्रजी अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीत) त्याची ४ अक्षरं होतात, आणि हेडरमधल्या एका सांकेतिक तुकड्याला ७५ अक्षरांची मर्यादा आहे. वेष्टनाची १२ वजा केली की एका तुकड्यात जेमतेम १५ चिन्हं बसतात, आणि काना-मात्रा-वेलांटी हीसुद्धा स्वतंत्र चिन्हंच. बाइट मोजून स्ट्रिंग तोडली तर चिन्ह मधोमध तुटतं आणि पालकांना चौकोन दिसतात. हेडर हाताने लिहू नका, ते लायब्ररीला करू द्या. विषय फॉर्ममधून येत असेल तर त्यातली नवी ओळ काढा. तिच्या आडून कोणी स्वतःचे हेडर घुसवू शकतो, म्हणून जँगो तिथे एरर देतो. ३ एमबीची पीडीएफ जोडली तर ती बेस६४मध्ये ४ एमबी होते, आठशे जणांना मिळून ३.२ जीबी. लिंक द्या.

शेवटी तालीम. स्थानिक मशीनवर मेलपिट (पत्रं बाहेर न सोडता पकडून दाखवणारा चाचणी सर्व्हर) चालवा; पोर्ट १०२५वर पाठवा, ८०२५वर ब्राउझरमध्ये बघा. टेस्टमध्ये जँगोच्या मेल.आउटबॉक्सची (पाठवलेल्या पत्रांच्या यादीची) लांबी मोजाच, शिवाय प्रत्येक पत्रात एकच पत्ता आहे ना हेही तपासा. स्टेजिंगवर (तालमीच्या सर्व्हरवर) खऱ्या डेटाबेसची प्रत असेल तर सेटिंगमधूनच सगळे पत्ते तुमच्या एका पेटीकडे वळवा; तिथून पालकांना चुकून गेलेलं पत्र परत घेता येत नाही. मग खरी पाच पत्रं जीमेल, आउटलुक, याहूवर पाठवून जीमेलच्या ‘शो ओरिजिनल’मध्ये आणि बाकी ठिकाणी पत्राच्या मूळ मजकुरात एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्ही तपासण्या ‘पास’ दिसतात का बघा. त्यानंतर पन्नास, पंधरा मिनिटं थांबून परत आलेली पत्रं मोजा, आणि मग उरलेली. प्रत्येक टास्कने पाठवण्याआधी डेटाबेसमधला ‘थांबवा’ हा झेंडा वाचावा आणि तो मुख्याध्यापकांच्याच पडद्यावर बटण म्हणून ठेवावा, कारण सहलीची तारीख चुकल्याचं सर्वांत आधी त्यांच्याच लक्षात येणार आहे.